बावखलाचा नियम टाक्याला लागत नाही

अंगणातल्या टाक्यातले मासे बगळ्याने खाल्ले तर खाऊ द्यावेत, हे मी वर्षानुवर्षं सांगत आले. शाळांमधून पक्ष्यांवर बोलायला जाते तिथे सांगितलं, पहाटे दुर्बीण घेऊन सोबत येणाऱ्यांना सांगितलं, नातेवाइकांशी त्यावरून वादही घातले. पक्ष्याला पोट आहे, आणि आपण हौसेने पाळलेल्या चार माशांपायी त्याच्यावर दगड उगारणं हा माणसाचा उद्दामपणा आहे, असं माझं म्हणणं असे. आज मी तसं म्हणत नाही. पक्ष्यांवरची माया तसूभरही कमी झालेली नाही. टाक्यातल्या माशाबद्दल मात्र माझं मत पालटलं आहे. माझ्यासारखं बोलणारे पक्षिमित्र गावोगाव आहेत आणि अंगणात, गच्चीवर, फार्महाउसवर टाकी बांधणारेही आता पुष्कळ झाले आहेत. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी वसईची. आमच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळ, भुईगाव, गास, नंदाखाल, आगाशी या गावांकडे घरामागे वाडी आणि वाडीत बावखल ही जुनी रीत. बावखल म्हणजे खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यातून जमिनीत मुरत राहतं, म्हणून समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही विहिरींना गोडं पाणी मिळतं. पूर्वी बावखलांवर रहाट चालत आणि केळी, पानवेली, मोगरा यांचं शिंपण त्या पाण्यावर होई. आमच्या बावखलाच्या काठी भेंड आणि करंज होते. त्यांची मुळं पाण्यात उतरलेली, एका अंगाला गवत माजलेलं, तळाला गुडघाभर चिखल. मासे कुणी आणून सोडलेले नव्हते. पहिल्या मोठ्या पावसात शेतं भरली की वलगणीला मासे पाण्याबरोबर चढून येत आणि काही बावखलात मुक्काम करत. मरळ असे, शिंगाळी असे, बारीक खवल्यांचे कसले कसले मासे असत.

पक्षी तर रोजचेच. काठावर अंग चोरून उभी असलेली ढोकरी, जिला पुस्तकांत वंचक म्हणतात. करंजाच्या फांदीवर तपकिरी डोक्याचा, लाल चोचीचा खंड्या. थंडीत पंख पसरून वाळत बसलेला पाणकावळा. पाण्यातून मान वर काढून जाणारी दिवड. या सगळ्यांचं पोट बावखलावर चालायचं आणि तरी चैत्र-वैशाखात पाणी खाली गेलं की घरच्यांना पुरून शेजाऱ्यांना वाटण्याइतके मासे निघायचे. ढोकरीला हुसकायला कधी कुणी उठलं नाही. माझे आजोबा काठावर केळीचे घड उतरवत असायचे आणि ती त्यांच्यापासून चार हातांवर उभी असायची. पक्षी आणि मासा यांच्यात माणसाने पडू नये, ही समज मला तिथे मिळाली. पुढे सालिम अलींचं १९४१ मध्ये पहिल्यांदा छापलेलं पक्ष्यांचं पुस्तक हाती आलं, मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश आला, दुर्बीण आली, आणि ती समज माझ्या लेखी सिद्धान्त होऊन बसली.

वाटण्या झाल्यावर आमच्या बावखलाचा मोठा भाग भराव टाकून बुजवला गेला. वसईत अशी कितीतरी बावखलं गेली. त्या जागेवर आज माझ्या दादाचा बंगला आहे आणि शेजारच्या जुन्या घरात मी राहते. बंगल्यासमोर दादाने हौसेने टाकं बांधून घेतलं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, दोन फूट खोल. आतून निळ्या टाइल्स, मधोमध कारंजं, आणि ओटीच्या बाजूला पाय सोडून बसता येईल अशी रुंद पायरी, जिच्यावर पाणी जेमतेम चार बोटं. क्रॉफर्ड मार्केटमधून कोई आणि गोल्डफिश आले. पाणी नितळ. माझी भाची शाळेतून आली की दप्तर टाकून त्या पायरीवर बसायची आणि खाद्याच्या गोळ्या टाकायची. मासे तिच्या बोटांना तोंड लावायचे.

ढोकरी आली ती वैशाखात. आसपासची बावखलं, ओढे, शेतांतली डबकी आटलेली असतात तेव्हा जिथे पाणी उरलं आहे तिथे पाणपक्षी गोळा होतात, आणि आमच्या आळीत तेव्हा उघडं पाणी उरलं होतं ते दादाच्या टाक्यातच. पहिला मासा गेला तेव्हा दादा हसला. मग गोल्डफिश एकेक करून जाऊ लागले तेव्हा तो चिडला. "तुझ्या ढोकरीने आज परत एक नेला," असं तो मला कुंपणावरून सांगायचा. त्याने बेचकी आणण्याची भाषा केली तेव्हा मी त्याला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा ऐकवला. बगळा मारणं, पकडणं, त्याची अंडी-घरटी मोडणं गुन्हा आहे, हे सांगितलं. तिथवर मी बरोबर होते आणि आजही तेच सांगेन. पण मी तिथे थांबले नाही. बावखल बुजवलंस, आता तिचे मासे तिला परत दे, असंही मी त्याला म्हणाले.

आणखी एक गोष्ट लिहायची तर मन मोकळं करूनच लिहिते. ढोकरी टाक्यावर येत होती ते मला हवं होतं. माझ्या ओटीवरून ती इतक्या जवळून दिसायची की पाठीवरचं मातकट पीस न् पीस मोजता यावं. पावसाळ्याच्या तोंडावर तिच्या पाठीवर गर्द तांबडा-जांभळा रंग चढू लागला, डोक्यामागे लांब फिकट पिसं लोंबू लागली. उडाली की झाकलेले पांढरेशुभ्र पंख एकदम उघडायचे. हे सगळं मला चहाचा कप हातात धरून पाहायला मिळत होतं. मासे माझे नव्हते. दादा-वहिनींना मी जे उदार मन ठेवायला सांगत होते, त्याची मला काहीच झळ लागत नव्हती.

माझ्या मताला पहिला धक्का दिला तो वहिनींनी. त्या वाद घालणाऱ्यांतल्या नाहीत. टाकं रोज साफ करायचं काम त्यांच्याकडे, त्यामुळे त्यांचं लक्ष असे. एकदा त्या म्हणाल्या, "ताई, ती आली की मासे पळत नाहीत. उलट तिच्याकडे जातात. तुम्ही एकदा उजाडायच्या आत येऊन बघा."

मी गेले. पडवीच्या अंधारात बसून राहिले. फटफटायला लागलं तशी ढोकरी फाटकावर उतरली आणि तिथून पायरीवर. मान खांद्यांत रुतवून, चोच जराशी खाली झुकवून ती उभी राहिली, आणि वहिनी म्हणाल्या होत्या तसंच झालं. तिची सावली पायरीवर पडताच टाक्याच्या दुसऱ्या टोकाचे मासे सरळ तिच्या रोखाने आले. तोंडं वर करून, एकमेकांना ढकलत आले. तिने वाट पाहिली नाही, पाय उचलला नाही, मान लांबवून नेम धरला नाही. चोच खाली गेली आणि आडवा धरलेला गोल्डफिश घेऊन वर आली. मासा तिने चोचीत फिरवला, डोकं घशाकडे केलं आणि गिळला. बाकीचे मासे क्षणभर पांगले आणि पुन्हा पायरीशी आले.

बावखलावर मी ढोकरीला शिकार करताना आयुष्यभर पाहिलं आहे. तिथे तिला कष्ट पडतात. एका जागी पाऊण-पाऊण तास उभं राहावं लागतं, पायांनी चिखल न ढवळता इंच इंच सरकावं लागतं. पाण्यात मासा जिथे दिसतो तिथे तो नसतो, प्रकाश वाकतो. बगळे चोच मारताना तो फरक धरून मारतात, हे किनारी बगळ्यावर केलेल्या प्रयोगांतून दिसून आलेलं आहे. एवढी तयारी असूनही गढूळ पाण्यात, मुळांच्या आड, गवताखाली त्यांचा नेम पुष्कळदा चुकतो. मासा निसटतो. ढोकरी बेडकावर, खेकड्यावर, नाकतोड्यावर वेळ भागवते. मी ज्याला निसर्गाचा नियम म्हणत होते तो हा होता. दादाच्या टाक्यावर त्या पहाटे मी पाहिलं ते ताटात वाढून ठेवलेलं होतं.

मासे तिच्याकडे का जात होते, हे कळायला फार डोकं लागलं नाही. पायरीवर आकृती दिसली, सावली पडली, की खाद्य येतं, हे आम्हीच त्यांना शिकवलं होतं. भाची रोज तिथेच बसायची. कोई आणि गोल्डफिश हे लवकर शिकतात. म्हणूनच लोक ते पाळतात. माणूस आणि बगळा यांतला फरक ओळखायची संधी त्यांना कधी मिळालीच नव्हती.

वहिनींनी दुसरीही गोष्ट टिपली होती. पहाटे मासे वरच असतात, तोंडं उघडीमिट करत. वहिनींना वाटे, त्यांना भूक लागली आहे. ती भूक नव्हती, श्वास अपुरा पडत होता. पाण्यातली वनस्पती आणि शेवाळ दिवसा उजेडात प्राणवायू सोडतात, पण रात्री तेही माशांसारखा प्राणवायू वापरतात. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो सूर्योदयाच्या जरा आधी. उन्हाळ्यात पाणी तापलेलं असतं, आणि गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. त्यात दोन फूट खोल टाक्यात ऐपतीपेक्षा जास्त मासे, आणि वीज वाचवायला कारंजं रात्री बंद. मासे श्वासासाठी पृष्ठभागावर येत होते, आणि बगळ्याची पहिली फेरी नेमकी त्याच वेळेची. मासे पक्ष्याने नेले हे खरं, पण त्यांना त्याच्या चोचीपर्यंत वर आणलं होतं टाक्याने.

या दोन गोष्टी कळल्यावरही मी माझं मत थोडं ताणून धरलंच. टाकं चुकीचं आहे, मग टाकं सुधारा, पण ढोकरीचा हक्क तो हक्क, असं काहीतरी मी बोलत होते. मग एक कोई जखमी झाला.

तो वीतभरापेक्षा मोठा होता, पांढऱ्या अंगावर केशरी पट्टे. ढोकरीच्या घशात तो मावणार नव्हताच, पण तिने चोच मारली आणि मग सोडून दिला. वहिनींनी त्याला मोठ्या टबात काढलं आणि पाण्यात खडेमीठ घातलं. मी हातात घेऊन पाहिला. एका अंगाला पाठीच्या पंखाखाली खोल भोक होतं, कडेचे खवले उचकटलेले, आतलं मांस फिकट गुलाबी. दुसऱ्या अंगाला त्याच उंचीवर बारीक ओरखडा, चोचीच्या दुसऱ्या पात्याचा. कल्ल्यांची झाकणं भराभर उघडत-मिटत होती. दोन-तीन दिवसांत भोकाभोवती कापसासारखी पांढरी बुरशी धरली आणि तो आडवा पोहू लागला. टाक्यात उरलेले मासे तेव्हा कारंज्याच्या चौथऱ्याला चिकटून होते, खाद्य टाकलं तरी हलत नव्हते. टाक्यात लपण्याजोगी तेवढी एकच जागा होती, आणि तीही सगळ्यांना पुरत नव्हती.

तो कोई मेला तेव्हा माझ्या मनात एक प्रश्न उभा राहिला आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिकारी आणि सावज यांचा जो नियम मी सांगत होते, त्यात सावजाच्या हाती काय असतं? बावखलातल्या माशाची पाठ शेवाळी-मातकट असते, वरून पाहणाऱ्याला ती चिखलात मिसळून जाते. पाण्याची बारीकशी हालचाल त्याला अंगाच्या दोन्ही बाजूंना जाणवते. खोल पाणी असतं, मुळं असतात, गढूळपणा असतो. सावली पडली की पळायचं, हे त्याच्या हाडात असतं. यातलं कोईला आम्ही काय ठेवलं होतं? जपानमधल्या निइगाता भागातल्या भातशेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात साध्या कार्प माशांतून रंगीत पिल्लं निवडून निवडून ही जात घडवली. १९१४ मध्ये तोक्योच्या प्रदर्शनात ती मांडली गेली आणि नाव झालं. वरून पाहताना सुंदर दिसावा म्हणूनच हा मासा घडवलेला आहे. म्हणजे लपवणारा रंग माणसाने काढून घेतला. आम्ही खाली निळ्या टाइल्स लावल्या, म्हणजे आडोसाही गेला. खोली दिली नाही. प्राणवायू दिला नाही. सावलीचं भय हाताने भरवून भरवून घालवलं. आणि एवढं सगळं काढून घेतल्यावर मी ओटीवर बसून सांगत होते की निसर्गाचा नियम आहे, मध्ये पडू नका. मध्ये तर आम्ही आधीच पडलो होतो, फक्त माशाच्या विरुद्ध बाजूने.

माझं मत पालटलं ते इथे. जो माशाला भिंतींत कोंडतो त्याच्यावर त्या माशाच्या रक्षणाची जबाबदारी येते, आणि पक्ष्याच्या पोटाकडे बोट दाखवून ती टळत नाही.

पण रक्षण कसं करायचं, हे दादाने आणि मी वेगवेगळं धरलं होतं. त्याने ओळखीच्या कोळ्याकडून तंगूसचं जुनं जाळं आणलं आणि टाक्यावर पसरलं. कडेला विटा ठेवल्या, मध्ये ते पाण्याला टेकत होतं. वाड्यांमधून चिकूवर, आंब्यावरही अशी जाळी टाकलेली दिसतात. ढोकरी त्या दिवसापासून थांबली, आणि दादाला वाटलं काम झालं. एका सकाळी त्यात खंड्या अडकला. तो टाक्यातल्या माशासाठी आला होता की काठावरच्या पालीसाठी, कोण जाणे. खंड्या पाली, नाकतोडे, बेडूकही खातो. एक पंख पूर्ण गुरफटलेला, धागा पंखाच्या सांध्यात पिसांखाली रुतून दिसेनासा झालेला, आणि चोच उघडी. मी कात्रीने एकेक धागा कापत होते तेव्हा त्याने माझी करंगळी धरून ठेवली होती. पंख मोडला नव्हता. तो उडून समोरच्या माडावर गेला आणि तिथे बराच वेळ बसून राहिला. तंगूस पाण्यावर दिसत नाही, हाच त्याचा दोष आहे. जे पक्ष्याला दिसत नाही त्याने पक्षी थांबत नाही, अडकतो. टाक्यावर सैल, पातळ, न दिसणारं जाळं टाकू नका, हे मी पूर्वी पक्ष्याच्या बाजूने सांगत होते. आता मासे पाळणाऱ्यांच्या बाजूनेही सांगते.

जाळं निघालं. मग सीडी लटकवून झाल्या, चमकीच्या फिती झाल्या, प्लास्टिकचा बगळाही आणून ठेवला. एक बगळा दिसला की दुसरा येत नाही असा समज आहे. मिठागरांवर किंवा भाताच्या चिखलणीत बगळे कसे घोळक्याने उतरतात ते पाहिलेल्या माणसाला तो पटू नये. आमची ढोकरी त्या प्लास्टिकच्या बगळ्याशेजारीच उभी राहिली.

शेवटी आम्ही टाकं फोडलं. बावखलात मासा कशाने वाचतो, याचा विचार करून ते नव्याने बांधलं, आणि या कामात मला दादाइतकाच रस होता. पायरी आधी काढली. बगळा पोहत शिकार करत नाही, त्याला पाय टेकायला उथळ जागा लागते. बाजू सरळ उभ्या केल्या, खोली साडेतीन फुटांवर नेली आणि पाण्याची पातळी काठाच्या वीतभर खाली ठेवली, म्हणजे काठावरून वाकून चोच मारणं अवघड व्हावं. निळ्या टाइल्सच्या जागी गडद रंगाचं आतलं काम. एका बाजूला पाण्याखाली हातभर खोलीवर शहाबादी फरशीचा कट्टा बाहेर काढला, त्याच्या खाली मासे एकत्र शिरू शकतात. तळाला जुन्या घराची मंगलोरी कौलं दोन-दोन टेकवून ठेवली. कुंड्यांमध्ये कुमुदिनी लावली, तिची पानं उन्हाळ्यात निम्म्याहून जास्त पाणी झाकतात. जलपर्णी मात्र कुणी फुकट दिली तरी घेऊ नये, ती भराभर वाढून सगळं पाणी व्यापते. काठापासून थोडं आत, नडगीच्या उंचीवर, जाड पांढरी दोरी ताणून बांधली. ती पक्ष्याला लांबून दिसते, तीत काही अडकत नाही, आणि काठाने चालत येणाऱ्या ढोकरीला तिचा अडथळा होतो.

मासे कमी केले. हवेचा पंप रात्रभर चालू राहतो. विजेचं बिल वाढलं म्हणून दादा कुरकुरला, पण पहाटे मासे वर येणं थांबलं तेव्हा गप्प झाला. खाद्य आता दुपारी आणि टाक्याच्या मधोमध, पानांच्या आत. हाताने भरवणं बंद. भाची त्यावर रुसली होती. तिला मी दुर्बीण दिली, आता ती मासे लांबून पाहते. एक इशारा इथेच देऊन ठेवते. साडेतीन फूट पाणी तान्ह्या-रांगत्या पोरांना धोक्याचं आहे. घरात लहान मूल असेल तर टाक्यावर चौकटीत ठोकलेली ताठ लोखंडी जाळी हवीच, आणि ती बारीक भोकांची व ताणलेली असेल तर पक्षीही तीत अडकत नाही.

शेततळ्यांत रोहू, कटला वाढवणारे शेतकरी मला विचारतात की हे आमच्या उपयोगाचं आहे का. अर्धंच आहे. प्लास्टिकचं अस्तर टाकलेल्या शेततळ्याच्या बाजू उताराच्या आणि गुळगुळीत असतात, तिथे बगळ्याला उभं राहणं अवघड जातं, पण पाणकावळा बुडी मारून खोलात जातो आणि त्याला खोलीची अडचण नाही. तिथे बोटुकली मोठी होईपर्यंत ताणलेली, जाड धाग्याची, दिसणारी जाळी लागते. त्यांचा सगळा हंगाम त्या माशांवर असतो. त्यांना उदारपणाचे धडे मी आता देत नाही.

टाक्यातले मासे आता मुळीच जात नाहीत, असं नाही. खंड्या अधूनमधून एखादं पिल्लू उचलतो. एक गोल्डफिश रात्री गेला, तो दिवडीने नेला की रातबगळ्याने, हे कळलं नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. त्या माशाला पळायला वाट होती, आडोसा होता. ढोकरी काही दिवस फाटकावर बसून जायची, मग यायची थांबली.

माझ्या पक्षिमित्रांपैकी काहींना हे पटलेलं नाही. तू पक्ष्याचं अन्न तोडलंस, असं एकीने मला तोंडावर सांगितलं. तिला मी जे उत्तर दिलं ते इथेही देते. ढोकरी दादाच्या कोईवर जगत नाही. ती जगते बेडकांवर, खेकड्यांवर, नाकतोड्यांवर, भातखाचरातल्या बारक्या माशांवर. तिला हवीत ती बावखलं, ओढे, खाजणं, पाणी धरून ठेवणारी शेतं. पावसाळ्यात ती इतर बगळ्यांबरोबर मोठ्या झाडांवर घरटी करते, ती झाडं हवीत. हे सगळं आपण बुजवतो, तोडतो, आणि मग अंगणातल्या टाक्यात सोडलेले परदेशी मासे तिला खाऊ देऊन आपण पक्ष्यांसाठी काही केलं, असं समाधान मानतो. मी ते समाधान बरीच वर्षं मानत होते. बावखल बुजलं तेव्हा मी दादाशी जेवढं भांडायला हवं होतं तेवढं भांडले नाही. टाक्यावर भांडणं सोपं होतं.

बावखलाचा जो कोपरा उरला आहे तो आता आम्ही राखतो. काठाचं गवत कापत नाही. टाक्यातला एकही मासा त्यात सोडायचा नाही, हे घरात सगळ्यांना सांगितलेलं आहे. कोई आणि गोल्डफिश तळ उकरून पाणी ढवळतात, गप्पी आणि चिलापी एकदा शिरले की आपल्या ओढ्या-तळ्यांतल्या माशांना जागा उरत नाही. कंटाळा आला म्हणून घरातले मासे जवळच्या तळ्यात सोडणं, यात दया नाही. मासे नको झाले तर ते पाळणाऱ्या दुसऱ्या कुणाला द्यावेत.

या दिवाळीनंतर किंवा उन्हाळ्याच्या सुटीत अंगणात टाकं बांधायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांना माझी विनंती आहे. टाइल्सचा रंग ठरवण्याआधी गवंड्याला बोलावून मासा लपणार कुठे हे ठरवा. तेवढी खोली, तेवढा आडोसा आणि रात्रभर हवा देणं जमणार नसेल तर मासे आणू नका, नुसती कुमुदिनी लावा. आणि ज्यांच्या दारात अजून बावखल आहे, त्यांनी त्यात भरावाची एकही गाडी रिकामी होऊ देऊ नये.